नियम आधी जाहीर करा, यंत्रणा मग

कृष्णा-पंचगंगेच्या पुराविषयी अलीकडे एक युक्तिवाद जोर धरू लागला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर हाताबाहेर गेले, कारण नेमकी माहिती वेळेवर हाती नव्हती. आता उपग्रह आहेत, पाऊस आणि नदीची पातळी आपोआप कळवणारी केंद्रे आहेत, पाणी कोणत्या गल्लीपर्यंत येईल हे आधी दाखवणारी संगणकीय प्रारूपे आहेत, आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. हे सगळे एका नियंत्रण कक्षात जोडले की कोणत्या धरणातून किती विसर्ग करायचा, कोणते गाव कधी हलवायचे, हे यंत्रणाच सांगेल आणि पुराचे राजकारण संपेल, असे या मंडळींचे म्हणणे आहे. हे म्हणणारे लोक उथळ नाहीत. त्यांत अनुभवी अभियंते आहेत, पुराच्या रात्री जागून काढलेले अधिकारी आहेत, आणि ज्यांचा संसार दोनदा-तीनदा पाण्यात गेला अशी माणसेही आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

यंत्रणा हवी, याबद्दल माझे दुमत नाही. पण पुराच्या वेळी जे ठरवायचे असते ते माहितीतून आपोआप निघत नाही. धरण थोडे रिकामे ठेवून पुढच्या उन्हाळ्याचा धोका पत्करायचा, की ते भरून घेऊन पुराचा धोका पत्करायचा? कोणाच्या उसात पाणी जाऊ द्यायचे आणि कोणाच्या पेठेत नाही? या प्रत्येक प्रश्नात कोणाच्या तरी भल्यासाठी दुसऱ्या कोणाचे तरी नुकसान मान्य केले जाते. तो निर्णय माणसांनी घ्यायचा असतो. तो पावसाळ्याआधी, लेखी आणि उघड व्हायला हवा. तसा तो झालेला नसेल तर कितीही महागडी यंत्रणा पूर ओसरल्यावर चौकशी समितीला कागद पुरवण्यापलीकडे काही करू शकत नाही.

आधी ‘आपल्याकडे यंत्रणा नव्हती’ हा मुद्दा घेऊ. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पूर-अंदाज आणि जलाशय परिचालनाची प्रणाली उभी राहिली. डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ती तयार केली. पर्जन्यमापक आणि पातळीमापक केंद्रांकडून येणारी आकडेवारी घ्यायची, नदीच्या प्रारूपात घालायची, आणि धरणातून अमुक विसर्ग केला तर खाली पातळी किती होईल हे आधी काढायचे, असे तिचे काम. म्हणजे आज ज्याची मागणी होते आहे त्याचा बराचसा भाग २०१९ च्या पुराआधी काही वर्षे याच खोऱ्यात उभा होता. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत गेले, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले, शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग काही दिवस बंद राहिला. आयर्विनची धोका पातळी ४५ फूट आहे आणि राजाराम बंधाऱ्याची ४३. इतक्या वरच्या पुरात नुसते ‘माहिती नव्हती’ हे उत्तर पुरत नाही. माहितीवरून काय करायचे हे आधी ठरले होते का, हे विचारावे लागते.

हा प्रश्न का टाळता येत नाही, ते साध्या हिशेबाने दाखवता येते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचे तर सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू ठेवावा लागतो. कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी. समजा मुसळधार पावसाआधी त्यात २० टीएमसीची जागा करायची आहे. ५०,००० क्युसेकने सोडले तर दिवसाला ४.३ टीएमसी पाणी बाहेर जाईल, आणि धरणात थेंबही येत नाही असे धरले तरी साडेचार दिवसांहून अधिक लागतील. प्रत्यक्षात आवक चालूच असते, म्हणजे आणखी वेळ. पायथा वीजगृहातून सुटणारे २,१०० क्युसेक धरले तर दिवसाला पाव टीएमसीसुद्धा कमी होत नाही. कोयनेचे पाणी साधारण एका दिवसात सांगलीला पोहोचते. म्हणजे जागा करायचा निर्णय पावसाच्या आधी पाच-सहा दिवस व्हायला हवा. त्या दिवशी आकाश निवळलेले असू शकते, नदी पात्रात असू शकते, आणि हाती असतो तो फक्त अंदाज. पाच-सहा दिवसांपुढच्या पावसाचा अंदाज कोणत्याही देशात पक्का नसतो. तो शक्यतेच्या भाषेतच येतो. यंत्रणा फार तर सांगेल की पाणलोटात अतिवृष्टीची शक्यता साठ टक्के आहे. मग पुढे काय?

साठ टक्क्यांवर पाणी सोडायचे का? चाळीसवर? ऐंशीची वाट पाहायची? पाणी सोडले आणि पाऊस आलाच नाही, तर धरण न भरण्याची जबाबदारी कोणाची? कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याची तरतूद केली. खाली सातारा, सांगलीच्या सिंचन योजनाही त्याच धरणाच्या पाण्यावर उभ्या आहेत. कार्यकारी अभियंत्याने स्वतःच्या हिमतीवर जुलैच्या अखेरीस २० टीएमसी पाणी सोडले आणि नंतर पावसाने दडी मारली, तर जानेवारीत त्याला कोण वाचवणार? आणि नाही सोडले व पूर आला, तर ‘अभूतपूर्व पाऊस’ हे कारण तयार असते. दोन्ही बाजूंचा धोका त्याच्यासाठी सारखा नाही. धरण रिकामे राहिल्याचा दोष एका अधिकाऱ्याच्या नावावर लागतो, पूर आल्याचा दोष निसर्गाच्या. अशा अवस्थेत कोणताही शहाणा माणूस वाट पाहतो, आणि यंत्रणा त्याला साठचे पासष्ट टक्के झाल्याचे दाखवत राहते. हा दोष त्या माणसाचा नाही. कोणत्या आकड्यावर काय करायचे हे त्याच्या वरच्यांनी ठरवून दिलेले नाही, आणि ठरवल्याप्रमाणे वागणाऱ्याला संरक्षण दिलेले नाही, हा खरा दोष आहे.

आपोआप चालणाऱ्या निर्णयाचे एक जुने उदाहरण आपल्याकडे आहेच. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून झालेल्या या धरणाचा कोल्हापूरला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. धरण भरले की पाण्याच्याच दाबाने हे दरवाजे उघडतात, प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. धरणाच्या सुरक्षिततेसाठी ही योजना उत्तम आहे. पण दरवाजा उघडतो तेव्हा खाली पंचगंगा कोणत्या पातळीवर आहे, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत पाणी शिरले आहे का, हे त्या दरवाजाला माहीत नसते. त्याला एकच प्रश्न विचारला आहे : धरण भरले का? त्याचे उत्तर तो चोख देतो. नवी यंत्रणा त्याच्यापेक्षा शंभर पटींनी हुशार असेल, पण तिलाही आपण जो प्रश्न विचारू त्याचेच उत्तर ती देईल. धरण शंभर टक्के भरले पाहिजे हेच उद्दिष्ट तिला दिले, तर ती ते साधण्याचा सर्वांत अचूक मार्ग शोधून देईल.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. २०१९ चा पाऊसच इतका होता की धरणांनी काहीही केले असते तरी पूर टळला नसता. या पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या, नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही अतिवृष्टीवर भर दिला आणि खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा हे कारण मानले नाही. २०२१ मध्ये तर पाऊस धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटातही प्रचंड झाला. महाबळेश्वरात २२ जुलैच्या सुमारास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. कोल्हापुरात पातळी ५६ फुटांच्या वर गेली, २०१९ पेक्षाही जास्त. मग धरणाच्या नियमांवर एवढा जोर कशासाठी?

आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. २०२१ ने एवढेच सिद्ध केले की पुराचे निर्णय धरणाच्या दरवाजापाशी संपत नाहीत. मोकळ्या पाणलोटातून येणारे पाणी कोणी अडवू शकत नाही. मग तिथे निर्णय उरतो तो माणसे आणि जनावरे हलवण्याचा, आणि त्याही आधी, नदीच्या पात्रालगत काय बांधू द्यायचे याचा. हे निर्णय धरणाच्या निर्णयाइतकेच, किंबहुना अधिक, आधी ठरवून ठेवायचे असतात. आणि पूर पूर्ण टळला नसता म्हणून काहीच करायचे नाही, हे तर अगदीच चूक. सांगलीत पाणी दोन फूट कमी आले, तर त्या दोन फुटांत किती घरांच्या छताखालचे सामान वाचते आणि किती लोकांना होडीची वाट पाहावी लागत नाही, हे गावभागातल्या किंवा भिलवडीतल्या कोणालाही विचारा.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे उदाहरण मला इथे महत्त्वाचे वाटते. जानेवारी २०११ मध्ये ब्रिस्बेन शहर बुडाले. वर विव्हनहो धरण होते. त्या धरणाच्या पूर-परिचालनाची नियमपुस्तिका होती, आणि तिच्यात चार पायऱ्या लिहिलेल्या होत्या. पहिल्या पायरीत खालचे ग्रामीण पूल वाहतुकीला खुले ठेवण्याकडे लक्ष द्यायचे, वरच्या पायरीत शहरी वस्ती बुडू नये हे पाहायचे, आणि शेवटच्या पायरीत धरणच वाचवायचे. पुरानंतर चौकशी आयोग बसला आणि हजारो पूरग्रस्तांनी मिळून खटला केला. वादाचा गाभा असा होता की विसर्ग ठरवताना अंदाजातला पाऊस धरायचा, की जमिनीवर पडून गेलेलाच. २०१९ मध्ये न्यायालयाने निष्काळजीपणा झाल्याचे ठरवले. २०२१ मध्ये धरण चालवणाऱ्या सीक्वॉटर या संस्थेने अपील जिंकले. निकाल कोणाच्या बाजूने लागला हा माझा मुद्दा नाही. पूरग्रस्त माणूस न्यायालयात उभा राहून ‘तुम्ही या दिवशी या पायरीवर का गेला नाहीत?’ असे विचारू शकला, ही गोष्ट मोलाची आहे. नियम लिहिलेला होता, म्हणून प्रश्न विचारता आला, आणि नियमाप्रमाणे वागलेल्या अभियंत्यांनाही बचावाला आधार मिळाला.

आपल्याकडे प्रसिद्धिपत्रकात ‘जलाशय परिचालन सूचीनुसार पातळी नियंत्रित करण्यासाठी विसर्ग वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ असे शब्द येतात. त्या सूचीचा कागद नदीकाठच्या किती ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लागलेला आहे? अमुक तारखेला धरणात जास्तीत जास्त किती साठा ठेवायचा, अंदाज कितीवर गेला की साठा खाली आणायचा, हे शिरोळ तालुक्यातल्या सरपंचाला माहीत नसेल, तर त्याने सतर्क राहायचे म्हणजे नेमके काय करायचे?

इथे दुसऱ्या बाजूचे लोक एक उत्तर देतात, आणि ते मला सर्वांत जास्त खटकते. ते म्हणतात, सामान्य माणसाला शक्यता, टक्केवारी हे कळत नाही. एकच ठाम आकडा द्यावा, नाहीतर घबराट पसरते. १९९७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या रेड नदीकाठच्या ग्रँड फोर्क्स शहराला असाच आकडा मिळाला होता. पाणी ४९ फुटांपर्यंत जाईल असे हवामान सेवेने सांगितले. त्या आकड्याच्या पोटात किती कमी-जास्त धरायचे, हे लोकांपर्यंत पोहोचले नाही. शहराने ४९ वर थोडी भर घालून बांध उंचावले. पाणी ५४ फुटांच्या वर गेले आणि जवळजवळ सगळे शहर रिकामे करावे लागले. अंदाज चुकला हे खरे. पण पाच फुटांची चूक शक्य आहे हे आधी सांगितले असते तर लोकांनी वेगळी तयारी केली असती. ठाम आकड्याने त्यांना धीर दिला, आणि त्या धीराचीच किंमत त्यांनी मोजली.

सांगलीत २०१९ मध्ये जवळजवळ हेच घडले, फक्त तो ठाम आकडा सरकारने दिलेला नव्हता, आठवणीने दिलेला होता. ‘२००५ ला पाणी इथपर्यंत आलं होतं’ हा अनेक घरांचा निर्णयाचा आधार होता. भिंतीवर २००५ ची खूण होती. तिच्या वरच्या मजल्यावर सामान नेले, जनावरे ठेवली आणि माणसे थांबली. पाणी ती खूण ओलांडून तीन-चार फूट वर गेले. तोवर बाहेर पडायला फक्त होडी उरली होती. ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांनी भरलेली होडी उलटली आणि अनेक जीव गेले. त्या माणसांना कळत नव्हते असे म्हणणे अन्याय आहे. त्यांच्याकडे जी माहिती होती, तिच्या आधारे त्यांनी रास्त निर्णय घेतला होता. त्यांना कोणी सांगितले नव्हते की या वेळी २००५ चे माप चालणार नाही.

आणि नदीकाठच्या माणसाला आकडे कळत नाहीत, असे म्हणणाऱ्याने पावसाळ्यात सांगलीला यावे. ‘आयर्विनला किती?’ हा प्रश्न तिथे रिक्षावाल्यापासून शिक्षकापर्यंत सगळे विचारतात, आणि उत्तर ऐकून सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर यांपैकी कुठे पाणी शिरले असेल हे प्रत्येक जण सांगू शकतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याचे तेच. नृसिंहवाडीला पाणी उत्तरद्वारातून येऊन दक्षिणद्वारातून बाहेर पडले की वरून किती पाणी येत आहे याचा अंदाज पंचक्रोशीला येतो. ज्या शेतकऱ्याने मृगाच्या पहिल्या पावसावर पेरावे की थांबावे याचा सौदा जन्मभर केला आहे, त्याला ‘पाणी ५० फुटांवर जाण्याची शक्यता निम्मी आहे’ हे वाक्य कळणार नाही? त्याला कळते. न कळणारी गोष्ट वेगळी आहे : ५० फूट म्हणजे माझ्या उंबऱ्यावर किती, आणि कोणत्या आकड्याला मी गाडी लावून जनावरे हलवायची. हे जोडून देणे हे यंत्रणेचे खरे काम आहे, आणि त्यासाठी फार मोठ्या संगणकाची गरज नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत पुलाच्या पातळीला जोडलेली खूण रंगवलेली हवी, आणि तिच्याबरोबर ‘या पातळीच्या अंदाजाला, इतके तास आधी, या शाळेत’ एवढे लिहिलेले हवे.

पूररेषांच्या नकाशांबद्दल बोललेच पाहिजे, कारण तिथे आपण कित्येक वर्षे स्वतःला फसवत आलो आहोत. आपल्याकडे पूररेषा दोन. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित. ‘२५ वर्षांतून एकदा’ हे ऐकले की माणसाला वाटते, आत्ताच येऊन गेला, आता २५ वर्षे निवांत. खरा अर्थ असा की दर वर्षी चार टक्के शक्यता, मागच्या वर्षी आला असला तरी. निळ्या रेषेवर घर घेतले आणि २० वर्षांचे गृहकर्ज काढले, तर कर्ज फिटेपर्यंत घरात पाणी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होते. लाल रेषेवरसुद्धा ती सुमारे १८ टक्के आहे. हा आकडा बँकेच्या कागदावर नसतो, बिल्डरच्या माहितीपत्रकावर नसतो. आणि ही शक्यता जुन्या नोंदींवर काढलेली आहे. सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या खोऱ्यात जुन्या नोंदी पुरेशा आहेत असे मानायला माझे मन तयार होत नाही.

नकाशा उघड केला तर जमिनीच्या किमती पडतील, ही त्यावरची ठरलेली तक्रार. पडतीलच. पण ती किंमत कधी खरी नव्हती. ती पुराचा धोका लपवून ठेवल्यामुळे चढलेली होती, आणि तो धोका शेवटी विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडला. केंद्रीय जल आयोगाने पूरमैदान क्षेत्र-विभागणीचा नमुना कायदा १९७५ मध्ये राज्यांना पाठवला. पन्नास वर्षे झाली. महाराष्ट्र शासन परिपत्रकांवर भागवत आले आहे, आणि परिपत्रकाने आखलेली रेषा दबावापुढे पुढे-मागे सरकवायला फार कष्ट पडत नाहीत.

आता एक मुद्दा, जो यंत्रणेचे समर्थक सहसा मांडत नाहीत आणि विरोधकही नाहीत. पूरनियंत्रणाच्या कोणत्या कामावर आधी पैसा खर्च करायचा हे ठरवायला जगभर ‘अपेक्षित वार्षिक नुकसान’ हे माप वापरतात. पूर येण्याची शक्यता गुणिले होणारे नुकसान, रुपयांत. दिसायला निःपक्षपाती. पण रुपयांत मोजले की कोल्हापूरच्या शाहूपुरीतली दुकाने, व्हीनस कॉर्नरचे शोरूम एका बाजूला खूप जड होतात आणि शिरोळच्या एखाद्या गावठाणातली मातीची घरे हलकी. शेतमजुराची दोन महिन्यांची बुडालेली मजुरी, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या यंत्रमाग कामगाराचे बिघडलेले सामान, म्हैस वाहून गेल्यावर बंद झालेले दूध, शाळा सुटलेली मुलगी, यांतले काही पंचनाम्यातच येत नाही, मग मापात कुठून येणार? सूत्र चालवणारा तज्ज्ञ म्हणेल, मी फक्त गणित केले. पण त्या गणितात कोणाचे नुकसान किती धरायचे, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. ते वजन कोणी ठरवले, हे उघड हवे. मोजता न येणाऱ्या गोष्टींना वेगळे वजन द्यायच्या पद्धती उपलब्ध आहेत. त्या वापरायच्या की नाहीत, हा निवडीचा भाग आहे, आणि ती निवड लोकप्रतिनिधींनी सही करून करावी.

हे सगळे करता येते, हे नेदरलँड्सने दाखवले. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनी त्या देशाला हादरा दिला. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोक हलवावे लागले. त्यानंतर केवळ बांध उंचावत नेण्याऐवजी नदीला जागा करून देण्याचा कार्यक्रम त्यांनी घेतला. त्यासाठी एक संगणकीय साधन बनवले, त्याला ते ‘ब्लॉकेनडोस’ म्हणत. बांध मागे सरकवणे, पात्राची बाजू खोल करणे, अडथळा हटवणे, अशा शेकडो उपायांपैकी कोणताही निवडा, आणि पाण्याची पातळी कुठे किती सेंटिमीटर उतरते ते ताबडतोब दिसे. महत्त्वाची गोष्ट ही की हे साधन तज्ज्ञांच्या कपाटात राहिले नाही. ते नगरपालिकांच्या, प्रांतांच्या, स्थानिक लोकांच्या हाती गेले. एकदा पातळी किती उतरली पाहिजे हे ठरले, की ती कशी उतरवायची यावर लोक भांडू शकत होते, पर्याय सुचवू शकत होते. ओव्हरडीपसे पोल्डर इथल्या शेतकऱ्यांनी तर स्वतःच योजना दिली : आमच्या जमिनीत पुराचे पाणी येऊ द्या, पण आम्हाला उंचवटे बांधून द्या, त्यांवर आम्ही गोठे आणि घरे उभी करू. ते तसे झाले. काहींनी जमीन सोडली, काही उंचवट्यांवर राहिले. त्या शेतकऱ्यांना नदी कळत होती, आणि साधन त्यांच्यापुढे उघडे होते. आपल्याकडे खोऱ्यात महामार्गाचे भराव पडतात, पुलांची तोंडे अरुंद होतात, आणि त्या भरावामुळे मागे किती फूट पाणी तुंबेल हे प्रारूपात घालून दाखवा, असे म्हणणाऱ्या गावकऱ्यांना आंदोलन करावे लागते.

अलमट्टीविषयी एवढेच. धरणाची पूर्ण पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या प्रस्तावावर महाराष्ट्र आणि कर्नाटक भांडत आहेत, आणि सांगली-कोल्हापूरच्या माणसांची भीती खोटी नाही. पण हा वाद भावनेवर आणि आपापल्या राज्याच्या अहवालांवर किती दिवस चालवायचा? एकाच नदीचे एकच प्रारूप, दोन्ही राज्यांनी मान्य केलेली तीच आकडेवारी, आणि कोणालाही चालवून पाहता येईल असे, हे दोन्ही मुख्यमंत्र्यांनी मागितले पाहिजे. फुगवटा सांगलीपर्यंत येतो की नाही, हे त्यातून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरेल. तोवर प्रत्येक पुरानंतर हाच वाद पुन्हा होईल आणि वरच्या धरणांच्या नियमांचा प्रश्न त्यात झाकला जाईल.

यंत्रणेचे समर्थक मला विचारतील, मग तुम्ही खर्च थांबवा म्हणता का? नाही. खर्च करा. पण निविदा काढण्याआधी तीन कागद जाहीर करा. पहिला, प्रत्येक मोठ्या धरणात जून ते सप्टेंबर कोणत्या आठवड्यात किती जागा रिकामी ठेवायची आणि अंदाजाच्या कोणत्या टप्प्यावर किती विसर्ग करायचा, याचा नियम. त्यातच हेही लिहा, की नियमाप्रमाणे पाणी सोडले आणि धरण भरले नाही, तर त्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर येणार नाही, आणि वीज व सिंचनाचे नुकसान सरकार सोसेल. दुसरा, गावागावाचा पातळीला जोडलेला हलवण्याचा तक्ता, ज्यात भाड्याने राहणारे आणि बिनजमिनीचेही मोजलेले असतील. तिसरा, नुकसानीच्या मापात कोणाला किती वजन दिले, याचा हिशेब. हे तीन कागद असतील, तर स्वस्त यंत्रणाही उपयोगी पडेल.

नदीकाठच्या वाचकांना माझी विनंती आहे. पावसाळ्याआधी होणाऱ्या ग्रामसभेत किंवा तुमच्या प्रभागाच्या सभेत उभे राहा आणि धरणाची परिचालन सूची फळ्यावर लावायची मागणी इतिवृत्तात नोंदवून घ्या. दिली नाही, तर माहितीच्या अधिकारात पाटबंधारे विभागाकडे मागा. एका गावाने मागितली तर ती टाळता येते. कराडपासून खिद्रापूरपर्यंतच्या प्रत्येक गावाने मागितली, तर ती जाहीर करण्यावाचून सरकारला दुसरा मार्ग उरणार नाही.